लेकरांना चल्लस आठ शिकवायचं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी

आधी खुशाली. आमच्या वडिलांची शिस्त होती, सकाळी उठलं की गोठ्यापासून सुरू करून घरातल्या एकेकाला विचारायचं, कसं आहे. इथं कुकटपल्लीत चौथ्या मजल्यावर गोठा नाही, म्हणून मी तारामतीपासून सुरू करतो.

तारामती, गुडघा कसा आहे? म्हणाली, कालच्यासारखाच, तुमच्या विचारण्यानं काही तेल लागत नाही त्याला. विकास, मान कशी आहे? त्याच्या कानात ते फोनचं मशीन होतं, नुसता हात हलवला. बरी असावी. त्रिवेणी, झोप झाली का? सूनबाई म्हणाली, मामा, हर्षू रात्री उठवतो तर कुठली झोप. तन्वी, खोकला? तिनं खोकून दाखवला. हर्षू, दाढ आली का रे? त्यानं माझं बोट चावलं. आली आहे.

माझी कोणी विचारली नाही. मी ठणठणीत.

आता मुद्दा. नाश्त्याला त्रिवेणीनं सांगितलं की एक डिसेंबरपासून तिचं घरून काम बंद, रोज ऑफिसला जावं लागणार. तन्वी साडेचार वर्षांची, साडेबाराला शाळेतून येते. हर्षू दोन वर्षांचा, तो दिवसभर घरीच. सकाळ तारामती आणि कामवाली बाई मिळून ओढून नेतील. प्रश्न दुपारचा. दुपारी तारामतीला पाय लांब करून पडावंच लागतं. म्हणून मागच्या गल्लीत ते भिंतीवर जिराफ काढलेलं डे-केअर आहे, तिथं दोघांना ठेवायचं असं नवरा-बायकोचं आधीच ठरलेलं. त्रिवेणी कौतुकानं म्हणाली, तिथं दोन वर्षांपासूनच्या लेकरांना बोर्ड गेम शिकवतात, त्यानं लेकरं एका जागी बसायला शिकतात, हरायला शिकतात.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, घरात विहीर असताना टँकर कशाला? मी गौलीगुड्याच्या बसस्टँडवर आयुष्यभर कंट्रोलर होतो. फलाटावर भांडणारे ड्रायव्हर-कंडक्टर माझ्या एका शिट्टीनं गप्प व्हायचे. दोन लेकरं म्हणजे काय! दुपारी मी सांभाळतो, आणि बोर्ड गेमही मीच शिकवतो.

विकास म्हणाला, बाबा, बघा हं. तारामती म्हणाली, उचलली जीभ लावली टाळ्याला.

शेवटी त्रिवेणीनं तोड काढली. महिनाभर ती आतल्या खोलीत दार लावून काम करणार आणि दुपारची लेकरं माझ्याकडं. तीस तारखेला सगळ्यांसमोर, टीव्ही नाही, मोबाईल नाही, रडारड नाही, असा एक तास खेळ झाला तर लेकरं घरीच. नाही झाला तर जिराफ.

एक तास! मला हसू आलं. मी नम्रपणे तीन तास म्हणणार होतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

विकासनं मोबाईलवरून एक खोका मागवला. वर लिहिलंय, वय दोन ते पाच. आत लाकडी मासे आणि दोरीला लोहचुंबक लावलेला गळ. हर्षूनं पहिल्याच फटक्याला तारामतीचा चष्मा पकडला. खोका माळ्यावर टाकला. असल्या खेळात बुद्धीला काम नाही.

आपला खेळ ठरला. चल्लस आठ. देगलूरकडं आमच्या गावी देवळाच्या ओट्यावर दगडातच कोरलेला होता. पाच आडवी, पाच उभी, एकूण पंचवीस घरं. चार कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील तितकं दान. चारी उताण्या तर चार, चारी पालथ्या तर आठ. बाहेरच्या घरांतून फेरी मारायची, मग आतल्या घरांत शिरायचं, मग मधलं घर. दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली पडली तर ती मेली, परत पहिल्यापासून; फुली मारलेल्या घरात मात्र मरण नाही. आणि मुख्य नियम, एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत प्रवेश नाही. साधा सरळ खेळ. मी कोणी न शिकवता शिकलो. बघून बघून.

कवड्या तारामतीच्या देवघरातून घेतल्या. तिला उद्या सांगेन.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी

पहिला तास. हॉलच्या फरशीवर पट आखला. खडू त्या गुळगुळीत फरशीवर टिकेना, म्हणून विकासच्या टेबलावरचा जाड काळा पेन घेतला. रेघा अशा आल्या की ओट्यावरचा पट झक मारेल.

दोघांना समोर बसवून नियम समजावले. सुरुवातीपासून, एकही न वगळता. सांगता सांगता बसस्टँडचा दाखला दिला, एक गाडी सुटल्याशिवाय दुसरी फलाटाला लावायची नाही, तसं एकाचं दान झाल्याशिवाय दुसऱ्यानं कवडीला हात लावायचा नाही. तन्वीनं दोन प्रश्न विचारले. पहिला, ताता, तुझ्या नाकात केस का आहेत? (मला आजोबा म्हणत नाही, ताता म्हणते. शाळेत सगळी तेलुगू लेकरं.) दुसरा, झालं का?

हर्षू डोळे मिटून शांत बसून होता. एवढ्याशा वयात अशी एकाग्रता मी पाहिली नाही. नंतर तो आडवा झाला. नियम डोक्यात झिरपायला वेळ लागतो.

वर्ग यशस्वी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पट पुसला जात नाही. पेन पक्क्या शाईचा निघाला. कामवाल्या बाईनं घासला, तारामतीनं घासला, त्रिवेणीनं नेलपॉलिश काढायचं पाणी लावलं. पाणी लावलेल्या जागी फरशीची चकाकी गेली, रेघ तशीच.

मी म्हटलं, बरं झालं, रोज आखायचा त्रास वाचला. त्रिवेणीनं आत जाऊन दार लावलं. तिचं असं दार लावणं मला कधीच आवडलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सोंगट्यांचा प्रश्न. गावी आम्ही बांगड्यांचे तुकडे वापरायचो. त्रिवेणीनं ते पाहताक्षणी उचलून कचऱ्यात टाकले. मग चिंचोके. तेही नको म्हणाली, हर्षू नाकात घालेल. मी म्हटलं, आम्ही लहानपणी कधी नाकात घातले नाहीत. तारामती कूस बदलून म्हणाली, तुम्ही कानात घातला होता, सासूबाई सांगायच्या.

म्हणून माझ्या हुशारीनं, पोटात गेलं तरी चालेल अशा सोंगट्या: तन्वीला फुटाणे, हर्षूला मनुके, मला शेंगदाणे. खेळ रंगात यायच्या आत हर्षूनं आपल्या सोंगट्या खाल्ल्या, मग तन्वीच्या. तन्वीनं माझ्या खाल्ल्या. मी फुटाणे पुन्हा मांडले, ते पण गेले. त्यांना खेळ फारच आवडला. तन्वी पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा म्हणत होती.

संध्याकाळी दोघं जेवली नाहीत. त्रिवेणीनं विचारलं, मामा, काही खायला दिलं का? मी खरं तेच सांगितलं: खेळत होतो.

संकल्प: उद्यापासून पाण्याच्या बाटल्यांची झाकणं. लाल, निळी, पिवळी, पांढरी.

१२ नोव्हेंबर, बुधवार. दुपारी ३

आज खेळ सुरू होईना. कवड्या तीनच. चौथी नाही.

३.१५. कोचाखाली नाही. फ्रीजखाली नाही, तिथं मागच्या दिवाळीची चकली सापडली. तन्वीला विचारलं. ती हर्षूकडं बोट दाखवून म्हणाली, इसने खाया. हर्षूला विचारलं, तू खाल्लीस? तो हसून हौ म्हणाला.

३.२०. मी शांत होतो. तारामतीनं आरडाओरडा केला.

रात्री. त्रिवेणी मीटिंग सोडून हर्षूला डॉक्टरकडं घेऊन गेली. विकास ऑफिसातून धावत आला. हर्षूचा फोटो काढला, पोटाचा. पोटात काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, हा मुलगा प्रत्येक प्रश्नाला हौ म्हणतो का? मग त्यांनी विचारलं, तू हत्ती खाल्लास? हौ.

घरी आल्यावर वर्तमानपत्र वाचायला चष्म्याची डबी उघडली. कवडी आत होती. काल रात्री हरवू नये म्हणून मीच जपून ठेवली असावी. म्हणजे कवडी हरवली नव्हतीच. सुरक्षित होती. सगळ्यांनी उगाच घाई केली.

हळूच देवघरात नेऊन ठेवली. तारामतीला सापडली. ती माझ्यासमोर धरून म्हणाली, काखेत कळसा, गावाला वळसा. ही म्हण इथं कशी लागू पडते ते मला कळलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. लेकरांना सुट्टी दिली. मीही पडलो. उठून पाहतो तर टीव्ही चालू, हर्षू पटाच्या मधल्या घरात पडून दूध पितोय. मधल्या घरात पोचणारा हा घरातला पहिलाच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज पाहुणी. वरच्या मजल्यावरच्या सुजाताम्मा कढीपत्ता मागायला आल्या. सिद्दिपेटकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या, मुलाकडं राहतात. उंबऱ्यातूनच फरशी बघून ओरडल्या, अय्यो! अष्टाचम्मा! आणि कढीपत्ता विसरून थेट मांडी घालून बसल्या.

खेळ तोच, नाव त्यांच्याकडं निराळं. मला आनंद झाला. म्हटलं, लेकरांना दोन जाणती माणसं खेळताना दिसली तर बघून शिकतील. मी तसाच शिकलो.

खेळ सुरू झाला. बाई तरबेज आहे. कवड्या अशा फिरवते की दान तिच्या हाताला ओळखतं. माझ्या दोन सोंगट्या मारल्या. मी तिची एक मारली. मग पेच आला. माझी सोंगटी बाहेरच्या फुलीच्या घरात होती, तिची त्याच घरात आली. म्हणाली, मर गया. मी म्हटलं, फुलीच्या घरात मरत नाही. ती म्हणाली, हमारे गाव में मरता. मी म्हटलं, आमच्या देवळाच्या ओट्यावर शंभर वर्षं कोणी मेलं नाही. ती म्हणाली, भाईसाब, ओटा तुम्हारा, घर किसका भी हो, मरा सो मरा. मी म्हटलं, ऐसा नक्को. ती म्हणाली, नक्को तो नक्को, आणि कवड्या खाली ठेवल्या. त्यावर मी माझ्या गावच्या पाटलाचा दाखला दिला, त्यावर तिनं तिच्या सासऱ्याचा दिला.

मधे कधीतरी त्रिवेणी दार उघडून बाहेर आली. तिच्या पायाखाली पाणी. स्वयंपाकघरात तन्वी आणि हर्षू तांदळाच्या डब्यात नळाचं पाणी ओतून शेत लावत होते. भाताचं. गुडघाभर.

त्रिवेणी म्हणाली, मामा, लेकरं कुठं होती? मी म्हटलं, इथंच, बघून शिकत होती.

सुजाताम्मा कढीपत्ता न घेताच गेल्या. दाराशी वळून म्हणाल्या, छोटे बच्चों से भी छोटे. कोणाला म्हणाल्या कळलं नाही. बहुतेक हर्षूला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सुजाताम्मा जिन्यात भेटल्या, बोलल्या नाहीत. मीही नाही. नियम म्हणजे नियम. तारामती म्हणाली, दोघांची मिळून दीडशे वर्षं झाली असतील, आणि भांडण बाटलीच्या झाकणावर.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज खरा खेळ झाला. तन्वीला दानं मोजता येतात. एक, दोन, तीन म्हणत झाकण पुढं नेते. हे माझं श्रेय. (ती आधीपासून शंभरपर्यंत मोजते असं तारामतीचं म्हणणं.)

अडचण एकच. ती मारत नाही.

तिनं झाकणांना नावं दिली आहेत. लाल म्हणजे अज्जी. निळं मी. पिवळं हर्षू. पांढरं तिची मम्मी. तिच्या मम्मीची सोंगटी बरोबर माझ्या घरात आली. मी आनंदानं म्हटलं, मार! ती म्हणाली, का? मी म्हटलं, नियम आहे, एका घरात दोघं राहू शकत नाहीत. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाली, आपण तर राहतो.

मी म्हटलं, बेटा, मारल्याशिवाय आत जाता येत नाही. ती म्हणाली, मग आपण बाहेरच बसू, मम्मी चाय बनवेल. आणि दोन झाकणं एका घरात शेजारी शेजारी ठेवली. मग अज्जीला पण चहाला बोलावलं. हर्षूचं झाकण बिस्कीट आणायला दूर पाठवलं.

मी नियम दाखवायला म्हणून पुढच्या दानाला अज्जी मारली. तन्वीनं असा टाहो फोडला की शेजारचे दार उघडून बाहेर आले. आतून खरी अज्जी गुडघा धरून लंगडत आली, तेव्हा कुठं शांत झाली. तारामतीला मिठी मारून म्हणाली, ताताने तुझे मार दिया. तारामती म्हणाली, चाळीस वर्षांपासून मारतायत बाळा, मी काही मरत नाही.

मुलगी मवाळ आहे. शिस्तीनं जाईल.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज खेळात सगळे चहा प्यायले. मीही प्यायलो. पट पुढं सरकला नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तीस तारीख जवळ आली. पी हळद अन् हो गोरी असं होणार नाही, हे मी जाणतो. पण उपाय सापडला आहे. दान नीट टाकलं की एक चॉकलेट. त्रिवेणीनं चॉकलेट बंद केलंय, पण हे चॉकलेट नाही, हे प्रोत्साहन. बसस्टँडवर ज्याची गाडी वेळेवर सुटायची त्याला मी चहा पाजायचो.

हर्षूनं दहा वेळा नीट दान टाकलं. अकराव्या वेळी कवड्या पंख्यावर टाकल्या. एक पंख्याच्या पात्याला लागून माझ्या कपाळावर आली. कपाळाला टेंगूळ. दान आठ पडलं होतं, पण मोजलं नाही.

तन्वीनं आज आपणहून एक तोडगा काढला. मेलेली सोंगटी मरत नाही, झोपायला घरी जाते. झोप झाली की परत येते. तिनं पिवळ्या हर्षूला थोपटत थोपटत पहिल्या घरात नेऊन ठेवलं, आणि वर रुमाल पांघरला. म्हणजे आता ती मारते. माझी शिकवणी फळाला आली.

टीव्ही थोडा वेळ लावला होता, आवाज बंद करून. आवाज बंद असला तर तो टीव्ही धरायचा नसतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

त्रिवेणीनं दोन्ही लेकरांना डे-केअर दाखवून आणलं. म्हणाली, नुसतं बघायला, मामा, नाराज होऊ नका. मी कशाला नाराज होऊ? दुपारी न जेवता झोपलो ते भूक नव्हती म्हणून.

तन्वी म्हणाली, तिथं पिवळी घसरगुंडी आहे. मी विचारलं, आणि चल्लस आठ? म्हणाली, नाही. मी म्हटलं, बघ!

तिनं बघितलं नाही. घसरगुंडीचं चित्र काढत होती.

उद्या सिद्ध होईल. तयारी चोख आहे: तन्वी नियम जाणते, दानं मोजते, मारते (झोपवते). हर्षू दान टाकतो. फक्त तास पूर्ण व्हायला हवा. विकासला सांगून ठेवलंय, उद्या चार वाजता घड्याळ समोर ठेव, आणि कोणी मधे बोलायचं नाही. तारामती म्हणाली, तुम्ही पण? मी म्हटलं, मी शिक्षक आहे.

रात्री लेकरांना झोपवताना हर्षूला थोपटत बसलो. त्याचा हात माझ्या बोटाभोवती होता. दुपारी झोपला तरी तो असाच धरतो. डे-केअरमध्ये कोणाचं बोट धरेल? असले विचार परीक्षेच्या आदल्या रात्री करायचे नसतात.

३० नोव्हेंबर, रविवार. रात्री

झालं ते लिहितो. जसंच्या तसं. पुढं कोणी काही सांगितलं तर हे खरं धरावं.

चार वाजता सगळे पटाभोवती. विकास कोचावर, त्रिवेणी खाली मांडी घालून, तारामती खुर्चीत, पाय स्टुलावर. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तन्वी, तिचं दान टाकायला हर्षू. टीव्हीवर चादर टाकली होती.

लेकरं बसली. खरंच बसली. अर्धा तास झाला तरी हर्षूनं एकही कवडी पंख्याकडं टाकली नाही. तन्वी जीभ बाहेर काढून मोजत होती. माझी एक सोंगटी तिनं लवकरच झोपायला पाठवली, मला वाटलं, बरंय, आता ती आत शिरेल, खेळ रंगेल. त्रिवेणीनं विकासकडं पाहिलं. मी ते पाहिलं. छाती फुगली.

खेळ अटीतटीचा झाला. माझी शेवटची सोंगटी मधल्या घराच्या अगदी दारात. एक दान, आणि मी जिंकणार. (जिंकायचं नव्हतं, शिकवायचं होतं. पण शिकवताना जिंकलं तर बिघडत नाही.) हर्षूनं कवड्या टाकल्या. तीन उताण्या, एक पालथी. तन्वीनं मोजलं, एक, दोन, तीन, आणि तिचं लाल झाकण माझ्या निळ्या झाकणावर.

तिनं माझ्याकडं अशा मायेनं पाहिलं. म्हणाली, ताता, झोपायची वेळ झाली. आणि माझं झाकण थोपटत थोपटत पार पहिल्या घरात नेऊन ठेवलं.

सगळे हसले. विकास तर जोरात.

मी फक्त नियमाचं बोललो. एक कवडी रेघेवर टेकलेली होती, तिरकी. तिरकी कवडी धरायची नसते, परत टाकायची असते. तन्वी म्हणाली, नाही, सीधी होती. मी म्हटलं, तिरकी होती. ती म्हणाली, ताता, चीटिंग नक्को. मी म्हटलं, चीटिंग कोण करतंय, मी गौलीगुड्याला... विकास म्हणाला, बाबा, ती साडेचार वर्षांची आहे. मी म्हटलं, म्हणूनच आत्ताच शिकलं पाहिजे! हर्षूनं कवड्या उचलल्या होत्या, त्या मी परत मागितल्या, त्यानं दिल्या नाहीत, मी थोड्या ओढल्या. मग मी उठलो. उठताना पायजम्याचा झटका लागून झाकणं कोचाखाली गेली. पाय मुद्दाम मारला असं तारामती म्हणते. तिचा चष्मा जुना झालाय.

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खालच्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी चुकीची लावली होती, ती बघत.

मग तारामती म्हणाली, चिडका बिब्बा चिडला. आणि हर्षू, जो आजवर हौ आणि दूध याखेरीज काही बोलला नाही, तो टाळ्या वाजवत म्हणाला, बिब्बा! बिब्बा! बिब्बा! हॉलभर गोल फिरत.

अस्सल मराठी शब्द. तोही स्पष्ट, जोडाक्षरासकट. याचं श्रेय कोणी मला देत नाही.

घड्याळात पाच वाजायला थोडा वेळ होता. लेकरं पटावरच होती. तन्वी कोचाखाली हात घालून झाकणं काढत होती, पुन्हा मांडत होती.

त्रिवेणी खिडकीशी आली. हळू आवाजात म्हणाली, मामा, लेकरं बसली की हो. उठलात तुम्ही.

मी म्हटलं, मग घरीच राहू दे की त्यांना. तिनं पटावरच्या लेकरांकडं पाहिलं. मग म्हणाली, मला तीन लेकरांची काळजी घेऊन ऑफिसात काम होणार नाही. दोघांना तिथं ठेवते, रविवारी तुम्ही खेळवा. आणि माझ्या कपाळावरच्या टेंगळाला औषध लावलं. ते तिला आत्ताच दिसलं.

तिची चूक नाही. तिरकी कवडी तिनं पाहिलीच नव्हती.

१ डिसेंबर, सोमवार. दुपारी १.३०

लेकरं गेली. तन्वी शाळेतून परस्पर. हर्षूला मी सोडून आलो. दारात रडेल म्हणून रुमाल घेऊन गेलो होतो. तो आत घसरगुंडी बघून पळाला. मागं वळला नाही. रुमाल मी वापरला, धूळ फार आहे त्या गल्लीत.

२.००. तारामतीला म्हटलं, एक डाव? म्हणाली, तुमच्याशी? आणि कूस बदलली.

२.२०. सराव म्हणून एकटाच दोन्हीकडून खेळून पाहिलं. निळ्यानं लालला मारलं. मजा नाही आली. लालला वाईट वाटलं असेल असं उगाच वाटत राहिलं.

३.१०. डे-केअरच्या बाजूनं सहज फेरी मारली. गेटवरचा माणूस म्हणाला, सहा बजे, अंकल. मी म्हटलं, मी नुसता चाललोय. तो म्हणाला, अंकल, आप तीसरी बार चलरे.

४.००. इमारतीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सगळे तेलुगूत आणि इंग्रजीत लिहितात, पाण्याचा टँकर, लिफ्ट वगैरे. मी कधी लिहिलं नव्हतं. आज मराठीत टाकलं, देवनागरी बऱ्याच जणांना वाचता येते:

रोज दुपारी दोन ते पाच फ्लॅट ४०२ मध्ये चल्लस आठ, म्हणजेच अष्टाचम्मा, खेळण्यास कोणी मोकळे असल्यास कळवावे. वयाची अट नाही. पट कायमचा आखलेला आहे. फुलीच्या घरात मारलेले चालेल. तिरकी कवडी धरली जाईल. हरल्यास उठून जाणार नाही. कृपया उत्तर लवकर लिहावे, तेलुगूत लिहिलं तरी चालेल, वाचून घेईन कोणाकडून.
आपला, केशवराव.